तोंड लहान, पोट मोठे

माझ्या वडिलांच्या तळपायाला झालेली मधुमेहाची जखम मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा ती मला किरकोळ वाटली होती. वरून ती जेमतेम नखाएवढी दिसत असे. कडा जाड आणि पांढुरक्या, मध्ये एक ओलसर छिद्र. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरांनी निर्जंतुक सळई हलक्या हाताने त्या छिद्रात सरकवली, तेव्हा ती तिरकी आत जात राहिली, आणि जिथे थांबली तिथे चिमटीची खूण धरून त्यांनी ती बाहेर काढली व मोजपट्टीला लावली. तीन सेंटिमीटर भरले. वडिलांच्या पायाची संवेदना बरीच गेलेली असल्यामुळे त्यांना यातले काहीच जाणवले नव्हते. ते वर्तमानपत्र वाचत होते. “काका, हिचं तोंड लहान आहे, पण पोट मोठं आहे,” असे म्हणत सिस्टरांनी तो आकडा एका वहीत लिहिला, आणि सलाईनमध्ये भिजवलेली गॉजची लांब पट्टी चिमट्याने थोडी थोडी करून त्या पोकळीत सोडायला घेतली. ती ठासून भरायची नाही, कारण दाब पडला तर आतल्या उतींचा रक्तपुरवठा अडतो, आणि फार सैल सोडायची नाही, कारण मग कोपऱ्यात स्राव साचतो, एवढे त्यांनी मला समजावून सांगितले.

मला ओशाळल्यासारखे झाले, आणि त्याचे कारण सांगायला हवे. त्याआधीची काही वर्षे मी एका प्रयोगशाळेत नेमक्या याच कामावर घालवली होती: सिरिंजमधून द्रवासारखे बाहेर येणारे, जखमेत गेल्यावर घट्ट होणारे आणि आपल्याबरोबर औषध किंवा पेशी घेऊन जाणारे जेल तयार करणे. आमच्या प्रत्येक लेखाच्या प्रस्तावनेत “अनियमित आकाराच्या खोल जखमा भरण्यासाठी” असे एक वाक्य असे. ते मी स्वतः अनेकदा लिहिले होते, पण तशी जखम तोपर्यंत पाहिलेली नव्हती. पुढचे चार महिने मी वडिलांना दिवसाआड ड्रेसिंगला नेत असे, आणि त्या काळात आपल्या जुन्या कामाकडे पाहण्याची माझी नजर बदलत गेली. हे लिखाण त्यातून आले आहे.

या पदार्थांना ‘वाहक’ म्हणण्याची पद्धत आहे, पण तो शब्द मला थोडा अपुरा वाटतो. वाहून नेणे हा कामाचा लहान भाग आहे आणि तो सिरिंजही करू शकते. खरे काम नेऊन ठेवण्याचे आहे: नेलेली वस्तू तिथेच राहिली पाहिजे, हवी तितके दिवस राहिली पाहिजे, त्या दिवसांत ती नासता कामा नये, आणि शरीराच्या पेशी आपली जागा घ्यायला आल्या की वाहकाने वाट सोडली पाहिजे. शेवटची अट सगळ्यांत अवघड आहे, आणि बरीच जेल तिथेच अडतात.

सुईतून जाण्याजोगा आणि जागेवर घट्ट होणारा एक वाहक प्रत्येकाच्या शरीरात आधीपासून असतो, तो म्हणजे रक्त. त्वचा कापली गेली की रक्त जखमेच्या प्रत्येक कोपऱ्यात आपोआप पोचते, कारण ते द्रव असते. तिथे थ्रोंबिन हे विकर, म्हणजे एन्झाइम, रक्तातल्या फायब्रिनोजेनचे तुकडे पाडून त्याचे फायब्रिन करते, फायब्रिनचे धागे एकमेकांत गुंततात, आणि रक्त गोठण्याच्या प्रक्रियेतला तेरावा घटक त्या धाग्यांना रासायनिक टाके घालतो. त्या जाळ्यात अडकलेल्या प्लेटलेट आपल्या कणिकांमधून वृद्धिघटक सोडतात. हे वृद्धिघटक म्हणजे पेशींना बोलावणारी आणि वाढायला लावणारी प्रथिने. त्यांतली काही फायब्रिनला चिकटून राहतात, म्हणून ती एकदम वाहून जात नाहीत. मग आधी न्यूट्रोफिल, त्यांच्यामागून मॅक्रोफेज या साफसफाई करणाऱ्या पांढऱ्या पेशी, आणि नंतर त्वचेला बळ देणारे कोलॅजेन हे प्रथिन विणणारे फायब्रोब्लास्ट त्या गुठळीत शिरतात, आणि प्लाझ्मिन नावाचे विकर त्यांच्यासमोरचे धागे विरघळवत जाते. गुठळी जिथे होती तिथे लालसर, दाणेदार, रक्तवाहिन्यांनी भरलेली नवी ऊती येते, आणि तिच्यावरून कडेच्या त्वचापेशी सरकत येऊन जखम झाकतात. शस्त्रक्रियेत वापरला जाणारा फायब्रिनचा गोंद हे याच यंत्रणेचे अनुकरण आहे: दोन नळ्यांच्या सिरिंजमध्ये एकीकडे फायब्रिनोजेन, दुसरीकडे थ्रोंबिन, आणि टोकाशी दोघांची गाठ.

जुनाट मधुमेही जखमेत हा क्रम मध्येच अडकतो. दाह ओसरायला हवा तेव्हा ओसरत नाही. मॅक्रोफेज साफसफाईच्या भूमिकेतून दुरुस्तीच्या भूमिकेत जात नाहीत. आणि प्रथिने कापणारी विकरे जखमेत इतकी साचतात की नव्याने विणलेले कोलॅजेन आणि शरीराने सोडलेले वृद्धिघटक, दोन्ही कापले जातात. त्यामुळे “जखमेला वृद्धिघटक कमी पडतो आहे, तो बाहेरून देऊ” हा सरळ वाटणारा विचार प्रत्यक्षात फारसा सरळ राहत नाही, कारण बाहेरून दिलेलाही त्याच विकरांच्या तावडीत सापडतो.

बेकॅप्लर्मिन या औषधाची हकीकत त्या दृष्टीने बोलकी आहे. प्लेटलेटमधून मिळणारा वृद्धिघटक जैवतंत्रज्ञानाने तयार करून तो ०.०१ टक्के प्रमाणात एका साध्या जेलमध्ये मिसळलेला हा मलमवजा पदार्थ अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९७ मध्ये मधुमेही पायाच्या जखमांसाठी मंजूर केला. ज्या चाचणीचा मुख्य आधार होता तीत ३८२ रुग्ण होते, आणि २० आठवड्यांत पूर्ण भरलेल्या जखमांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ५० टक्के, तर केवळ जेल लावलेल्यांत ३५ टक्के होते. हा फरक खरा आहे, पण तो ज्या अपेक्षेने हे क्षेत्र उभे राहिले होते तिच्या मानाने माफक आहे. पुढे २००८ मध्ये कर्करोगासंबंधीचा ठळक इशारा त्याच्या वेष्टनावर आला आणि २०१८ मध्ये तो काढला गेला. मला मात्र त्याची वापरण्याची रीत जास्त विचार करायला लावते: जेल दिवसातून एकदा लावायचे, सुमारे १२ तास ठेवायचे, मग धुऊन काढायचे आणि उरलेले १२ तास नुसते ओले गॉज ठेवायचे. म्हणजे त्यातल्या जेलचे काम औषध पसरवण्यापुरते होते. ते औषधाला धरून ठेवत नव्हते, विकरांपासून वाचवत नव्हते, आणि रोज धुतले जाणार असल्यामुळे पेशींना चढायला शिडीही देत नव्हते.

क्युबाने वेगळी वाट धरली. हवानातील जनुकीय अभियांत्रिकी आणि जैवतंत्रज्ञान केंद्राने त्वचापेशींची वाढ करणारा दुसरा एक वृद्धिघटक इंजेक्शनच्या रूपात आणला; ‘हेबरप्रोट-पी’ या नावाने त्याची तिथे २००६ मध्ये नोंदणी झाली. तो जखमेवर लावत नाहीत, तर जखमेच्या कडांत आणि तळाशी सुईने टोचतात, एका वेळी ७५ मायक्रोग्रॅम, आठवड्यातून तीनदा, जास्तीत जास्त आठ आठवडे. यामागचा विचार पटण्यासारखा आहे: पृष्ठभागावरच्या स्रावात विकरांचा सुळसुळाट असतो, म्हणून औषध त्याच्या खाली, जिवंत उतीत न्यायचे. परंतु आठ आठवडे आणि आठवड्याला तीनदा म्हणजे २४ बैठका होतात, आणि प्रत्येक बैठकीत सुया अनेक. त्या २४ आकड्याकडे मी वाहक नसण्याची किंमत म्हणून पाहतो. तेच प्रथिन एखाद्या पदार्थाने दहा दिवस धरून ठेवले आणि सावकाश सोडले, तर बैठका तीन-चारवर येतील का, असा तो प्रश्न आहे. उत्तर देण्यासाठी रसायनशास्त्राइतकीच नळकामाची जाण लागते, हे मला प्रयोगशाळेत कळले.

सुई ही शेवटी एक अरुंद नळी आहे. साध्या द्रवासाठी नियम असा की आतला व्यास निम्मा केला, तर तेवढाच द्रव तेवढ्याच वेगाने ढकलायला १६ पट दाब लागतो. २१ क्रमांकाच्या सुईचे भोक सुमारे अर्धा मिलिमीटर असते आणि २७ क्रमांकाच्या सुईचे सुमारे ०.२ मिलिमीटर, म्हणजे रुग्णाला कमी टोचावे म्हणून बारीक सुई घेतली की अंगठ्यावरचा भार तिसाहून अधिक पट होतो. पाण्याला हे चालते, पण जखमेत टिकून राहण्याइतके घट्ट जेल २७ क्रमांकाच्या सुईतून सरळ ढकलता येत नाही. त्यामुळे एक तर पदार्थ असा हवा की दाबाखाली तो पातळ व्हावा आणि दाब सुटताच पुन्हा घट्ट व्हावा, किंवा तो सुईत असताना द्रवच असावा आणि आत गेल्यावर त्याचे जेल व्हावे. पहिल्या प्रकाराची ओळख करून द्यायला टूथपेस्ट पुरेशी आहे: नळी दाबली की वाहते, ब्रशवर पडली की उभी राहते. दुसऱ्या प्रकाराने माझी काही महिने परीक्षा पाहिली.

मी अल्जिनेटवर काम करत होतो. तपकिरी सागरी शेवाळापासून मिळणारी ही साखळीदार शर्करा पाण्यात विरघळून मधासारखा द्रव होते, आणि कॅल्शियम मिळाले की तिच्या साखळ्या जोडीजोडीने कॅल्शियमभोवती बसतात. अंड्यांच्या खोक्यात अंडी बसावीत तशी ही रचना असल्यामुळे तिला नावही तेच आहे. माझी योजना सोपी होती. दोन नळ्यांची सिरिंज घ्यायची, एकीत अल्जिनेट, दुसरीत कॅल्शियम क्लोराइड, आणि दोन्ही टोकाशी मिसळू द्यायचे. पहिल्या दाबाला सुईतून एक थेंब आला, त्याच्यामागून शेवयासारखा एक पारदर्शक धागा आला, आणि मग काहीच येईना. अंगठ्याने जोर केला तेव्हा सुई सिरिंजपासून सुटून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडली. सुई कापून पाहिली, तर आत तिच्याच आकाराची जेलची काडी तयार झाली होती. कॅल्शियम क्लोराइड पाण्यात पूर्ण विरघळलेले असते, त्यामुळे भेट होताच क्षणात जेल होते, आणि भेट सुईच्या अलीकडे होत होती. एवढी साधी गोष्ट करून पाहिल्याशिवाय लक्षात आली नाही, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

उपाय जुनाच होता, मी शोधलेला नाही. कॅल्शियम क्लोराइडऐवजी पाण्यात जवळजवळ न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट बारीक पूड करून अल्जिनेटमध्ये मिसळायचे आणि त्यात सावकाश आम्ल सोडणारा एक पदार्थ, ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन, घालायचा. आम्ल जसे तयार होते तसे कॅल्शियम मोकळे होते, आणि जेल मिनिटांच्या हिशोबाने, सगळीकडे सारखे जमते. मग दिवसचे दिवस मी काचेच्या लहान कुप्या उलट्या करून पाहत असे. कुपी उलटी केल्यावर आतले वाहिले नाही की जेल झाले असे समजायचे, ही या क्षेत्रातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वापरली जाणारी चाचणी आहे. फार लवकर जमले तर सुई तुंबते, फार उशिरा जमले तर जखमेतला स्राव त्याला वाहून नेतो. मला सुमारे आठ मिनिटांची मुदत साधली तेव्हा मोठा पराक्रम केल्यासारखे वाटले होते. पुढे सिस्टरांना पोकळी धुऊन, टिपून, पट्टी भरताना पाहिले, तेव्हा लक्षात आले की आठ मिनिटे पाय एका कोनात स्थिर धरून ठेवायला कोणालाच सवड नसते.

अल्जिनेटची दुसरी उणीव अधिक खोल आहे. माणसाच्या शरीरात अल्जिनेट कापणारे विकरच नाही, आणि आपल्या पेशींना त्याच्यावर पकड घ्यायलाही जागा नसते. पेशींनी पकडावे म्हणून प्रथिनांमधला तीन अमिनो आम्लांचा एक क्रम त्याच्यावर जोडतात. आर्जिनिन, ग्लायसिन आणि अॅस्पार्टिक आम्ल या तिकडीला पेशी चिकटतात हे १९८४ मध्ये दाखवले गेले, आणि तेव्हापासून ती या क्षेत्राची जणू मीठ-मिरची झाली आहे. तरीही जाण्याचा प्रश्न उरतोच. कॅल्शियम हळूहळू निघून गेल्यावर अल्जिनेट विस्कळीत होते खरे, पण ते पेशींच्या गतीशी त्याचे काही नाते नसताना होते.

इतर पदार्थांची गुणवत्ता मी याच कसोटीवर पाहतो. पोलॉक्सामर ४०७ नावाचा बहुलक सुमारे २० टक्के प्रमाणात फ्रीजमध्ये द्रव असतो आणि अंगाच्या उबेने घट्ट होतो. सुईसाठी याहून सोयीचे काही नाही, पण जखमेच्या ओलाव्यात तो लवकर विरघळून जातो, म्हणजे पाहुणा बसायच्या आधीच उठतो. खेकडे-कोळंबीच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानमध्ये ग्लिसरोफॉस्फेट घातले की तेही उबेने जमते आणि जास्त टिकते. हायलुरोनिक आम्ल हे आपल्या त्वचेतलेच, १९३४ मध्ये प्रथम गायीच्या डोळ्यातून वेगळे केले गेलेले द्रव्य. शरीर त्याला ओळखते आणि कापतेही, मात्र नुसते दिले तर लवकर कापते, म्हणून त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधाव्या लागतात, आणि किती बांधायच्या यावरच सगळे ठरते. जिलेटिनला रासायनिक हात लावून प्रकाशात जमणारे केलेले जेल प्रयोगशाळेत फार लोकप्रिय आहे. प्रकाश तीन सेंटिमीटर खोल, तिरक्या बोळात कसा न्यायचा हा प्रश्न मी त्या लेखांच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवत असे.

आता थोडे जाळीविषयी, कारण मला वाटते की या विषयातली सर्वांत सुंदर कल्पना तिथे आहे. सामान्य हायड्रोजेलच्या, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जेलच्या, साखळ्यांमधली भोके काही नॅनोमीटरपासून काही दशक नॅनोमीटरपर्यंत असतात. पेशी मात्र १० ते २० मायक्रोमीटरची, म्हणजे शेकडो पट मोठी. त्यामुळे औषधासाठी जी खिडकी आहे ती पेशीसाठी भिंत ठरते. पेशीने आत यायचे तर भिंत खोदत यावे लागते, आणि म्हणूनच संशोधकांनी जेलच्या साखळ्यांमध्ये अशी छोटी पेप्टाइडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या, घातली की जी पेशींनी सोडलेल्या विकरांनीच कापली जातात. फायब्रिन आणि प्लाझ्मिनची जोडी तेच करते. पण खोदकामाला वेळ लागतो, आणि तोवर ऑक्सिजन आतपर्यंत पोचत नाही. रक्तवाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रोमीटरच्या पलीकडे पेशी जगवणे कठीण असते. दुसरीकडे, आधीच मोठी भोके असलेला स्पंज घ्यावा, जसा यानास आणि बर्क या संशोधकांनी १९८० च्या सुमारास कोलॅजेन आणि कॉन्ड्रॉइटिन सल्फेटपासून भाजलेल्या रुग्णांसाठी केला, तर तो सुईतून जात नाही. एक तर भोके मिळतात, नाही तर सुई.

२०१५ मध्ये तातियाना सेगुरा, दिनो दी कार्लो हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही अडचण आकार बदलून सोडवली. त्यांनी अखंड जेल घेतलेच नाही. जेलचे सूक्ष्म गोळे केले, काही दशक ते शंभराहून अधिक मायक्रोमीटर व्यासाचे, आणि ते दाटीने सिरिंजमध्ये भरले. गोळे एकमेकांवरून घसरतात म्हणून सुईतून जातात. जखमेत गेल्यावर ते एकमेकांना जिथे टेकतात तिथे रक्तातला तोच तेरावा घटक त्यांना जोडून टाकतो. आणि गोल वस्तू कितीही दाटीने रचल्या तरी त्यांच्यामध्ये फटी राहतातच, म्हणून पेशींना आत जायला तयार वाटा मिळतात, त्याही एकमेकींना जोडलेल्या. साबुदाण्याची पिशवी हातात घेऊन दाबली तरी दाण्यांमधली हवा पूर्ण जात नाही, त्यातलाच हा प्रकार. उंदरांच्या त्वचेवरच्या जखमा या पदार्थाने अखंड जेलपेक्षा लवकर झाकल्या, आणि गंमत म्हणजे त्यात औषध किंवा पेशी काहीच घातलेले नव्हते. नुसत्या वाहकानेच काम केले होते.

त्याच गटाने २०२१ मध्ये जे प्रसिद्ध केले ते मला त्याहून विचार करायला लावणारे वाटते. गोळ्यांमधली विकरांनी कापली जाणारी पेप्टाइडे त्यांनी आरशातल्या प्रतिबिंबासारख्या उलट्या अमिनो आम्लांची केली. शरीराची विकरे अशी पेप्टाइडे सहज कापू शकत नाहीत, त्यामुळे जेल जास्त दिवस टिकेल अशी अपेक्षा होती. उंदरांमध्ये घडले उलटे: प्रतिकारशक्तीने त्या परक्या रचनेची दखल घेतली, पेशी गोळा झाल्या आणि जेल लवकर संपले. आणि बिघाड होण्याऐवजी त्या जागी केसांची मुळे असलेली, अधिक मजबूत त्वचा आली. वणात केसांची मुळे सहसा येत नाहीत, आणि वण कितीही जुना झाला तरी मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांहून अधिक बळ त्याला येत नाही, हे लक्षात घेतले की या निरीक्षणाचे वजन कळते. आम्ही वर्षानुवर्षे वाहक शरीराच्या नजरेआड राहावा म्हणून धडपडत होतो, आणि इथे दखल घेतली गेल्यानेच भले झाले होते.

जिवंत पेशी नेण्याविषयी थोडक्यात सांगतो. मूलपेशी सलाईनमध्ये मिसळून टोचल्या तर त्यांतल्या पुष्कळशा सुईच्या तोंडाशीच मरतात, कारण रुंद सिरिंजमधून अरुंद सुईत शिरताना प्रवाह एकाएकी ताणला जातो आणि पेशीही त्याच्याबरोबर ताणली जाते. मऊ जेलमध्ये त्या अधिक जगतात. सुईच्या भिंतीला लागून असलेला जेलचा पातळ थर घसरतो आणि मधला भाग पेशींसह एकसंध सरकतो. पण जखमेत पोचलेल्या पेशी तिथे किती दिवस राहतात, आणि त्या स्वतः ऊती बनतात की केवळ संदेश सोडून मरतात, या बाबतीत माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे. तसे असेल, तर पेशी सांभाळण्याच्या खर्चाचा पुन्हा विचार करायला हवा.

निर्जंतुकीकरणाचा विषय कोणी आवडीने बोलत नाही, पण चांगली जेल तिथे मरतात. १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत किंवा गॅमा किरणांत हायलुरोनिक आम्ल आणि अल्जिनेटच्या साखळ्या तुटतात, आणि मधासारखा असलेला पदार्थ दुसऱ्या दिवशी पाण्यासारखा होतो. आमची एक उत्तम रचना अशीच गेली.

आता त्या उंदरांविषयी बोलायला हवे, कारण सिस्टरांच्या वहीशी त्याचा संबंध आहे. उंदराच्या त्वचेखाली स्नायूचा एक पातळ थर असतो, जो माणसात बहुतेक ठिकाणी उरलेला नाही. त्यामुळे उंदराची जखम मोठ्या प्रमाणावर आक्रसून मिटते, बटव्याची नाडी ओढावी तशी. माणसाची जखम मुख्यतः तळापासून भरून आणि कडांकडून झाकली जाऊन बरी होते. उंदराच्या जखमेचे हे आक्रसणे टाळण्यासाठी तिच्याभोवती सिलिकॉनची कडी टाक्यांनी बसवण्याची पद्धत २००४ पासून रूढ झाली आहे, आणि लेख वाचताना मी आधी ती कडी शोधतो. परंतु कडी असली तरी एक गोष्ट बदलत नाही. उंदराची त्वचा एक मिलिमीटरही जाड नसते. तिच्यावर गोल पात्याने पाडलेली जखम म्हणजे काही मिलिमीटर व्यासाची एक उथळ, सपाट, स्वच्छ चकती. तिच्यात जेल ‘टोचण्याची’ गरजच नसते. ते वरून ओतले जाते, आणि एखादी ओलसर चकतीही तिथे तितकीच नीट बसली असती. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या उथळ जखमा नुसत्या प्लास्टिकच्या पातळ पडद्याखाली ओल्या ठेवल्या, तर त्या उघड्या सुकणाऱ्या जखमांपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने झाकल्या जातात हे दाखवले होते. म्हणजे उथळ जखमेवर कोणतेही ओलसर जेल काही ना काही यश दाखवणारच, आणि ज्या कारणासाठी आपण सुईतून जाणारा पदार्थ बनवला ती तिरकी, खोल, स्रावाने भरलेली, जंतूंची वस्ती असलेली पोकळी त्या प्रयोगात कुठेच नसते. लेखाची प्रस्तावना एका जखमेची आणि प्रयोग दुसऱ्याच जखमेचा, असे मीही केले आहे.

मोजमापातही तेच प्रतिबिंब पडते. रोज वरून छायाचित्र घ्यायचे, क्षेत्रफळ काढायचे, आणि ते शून्याकडे जाणारी रेष आखायची, ही आमची पद्धत होती. वडिलांच्या जखमेचे क्षेत्रफळ पहिल्या दिवसापासूनच नगण्य होते. आमच्या पद्धतीने मोजले असते, तर ती जखम जवळजवळ बरी झालेली आहे, असे आम्ही लिहिले असते. इतकेच नव्हे, तर तोंड लवकर मिटवणारे जेल अशा जखमेत धोक्याचे ठरू शकते, कारण तोंड मिटले आणि पोट रिकामे राहिले की आत पू साचतो. सिस्टर पट्टीचे टोक मुद्दाम बाहेर ठेवत असत ते त्यासाठीच: भरणे तळापासून व्हायला हवे, आणि तोवर दार उघडे राहायला हवे. गुठळी करणाऱ्या रक्ताला हे कोणी शिकवावे लागत नाही, आपल्या जेलला मात्र रचनेतच शिकवावे लागेल.

वडिलांच्या पायात कोणतेही जेल गेले नाही. डॉक्टरांनी आधी हाडापर्यंत संसर्ग पोचलेला नाही आणि पायाचा रक्तपुरवठा पुरेसा आहे याची खात्री केली, कडांचा मृत भाग वेळोवेळी कापून काढला, आणि गुडघ्याखालपर्यंत येणारा, तळपायावरचा भार काढणारा बूट दिला. वडिलांना त्या बुटाचा फार राग होता. पहिले तीन आठवडे ते घरात असताना तो काढून ठेवत, आणि त्या तीन आठवड्यांत वहीतला आकडा हलला नाही. मग आईने बूट आणि वर्तमानपत्र यांची सांगड घातली: एक पायात नसेल तर दुसरे हातात मिळणार नाही. आकडे उतरू लागले. तीन, अडीच, अडीच, दोन, एक पूर्णांक आठ. मध्ये एकदा पुन्हा दोन, तेव्हा ताप आला होता. मग दीड, एक, अर्धा. चार महिन्यांच्या सुमाराला एके दिवशी सळई आत गेलीच नाही. सिस्टरांनी दोनदा प्रयत्न केला, मग वहीत शून्य लिहिले आणि त्याच्याभोवती गोल काढला.

अशा जखमा भरल्यावर वर्षभरात सुमारे ४० टक्के रुग्णांत पुन्हा उद्भवतात, त्यामुळे वडिलांचा पाय मी अजूनही रोज रात्री पाहतो. ती वही सिस्टरांनी मला देऊन टाकली. जेलविषयीचा नवा लेख हाती आला की मी आता आधी त्यातले आलेख चाळतो, आणि खोलीचा एखादा स्तंभ कुठे आहे का ते पाहतो.